मिसेस बी. यांचा रसायनाचा तास

1805 सालच्या अखेरीस लंडनमध्ये रसायनशास्त्राचे एक दोन खंडांचे पुस्तक निघाले. त्यावर लेखकाचे नाव नव्हते. आत कोणी प्राध्यापक व्याख्यान झोडत नव्हता, मिसेस बी. नावाच्या बाई एमिली आणि कॅरोलिन या दोन मुलींशी गप्पा मारत होत्या. ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ हे त्याचे नाव.

ते लिहिले होते जेन मार्सेट यांनी. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या स्विस व्यापाऱ्याची ही मुलगी भावांबरोबर घरीच शिकली. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे बायकांना बंद होती. रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांना मात्र त्या जाऊ शकत. तिथे प्रयोग इतक्या झपाट्याने होत, की जेनबाईंना सगळे उमगेना. घरी एका जाणकाराशी बोलून, तेच प्रयोग पुन्हा पाहून त्यांना उलगडा झाला. हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले आहे. असा अभ्यास बायकांना शोभतो का, या शंकेचे उत्तरही त्यांना तिथेच द्यावे लागले.

पुस्तकाची खरी गंमत कॅरोलिनमध्ये आहे. रसायन म्हणजे औषधवाल्याच्या दुकानातला कंटाळवाणा उद्योग, अशी तिची सुरुवातीची समजूत. ती मध्येच तोंड घालते, चुकते, धडाक्याच्या प्रयोगांसाठी हट्ट धरते. मिसेस बी. मात्र क्रम सोडत नाहीत: आधी प्रकाश आणि उष्णता, मग मूलद्रव्ये, त्यानंतर संयुगे. घरच्या अभ्यासाला असा क्रम आखून देणे हे प्रयोगांच्या आतषबाजीपेक्षा कितीतरी अवघड काम.

पुस्तक लिहिले होते मुख्यतः बायकांसाठी. त्याचा सर्वांत नावाजलेला वाचक निघाला लोहाराचा मुलगा. पुढे शास्त्रज्ञ म्हणून गाजलेला मायकेल फॅरेडे तेव्हा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून काढत होता. मार्सेटबाईंची विधानेही त्याने तशीच मान्य केली नाहीत. खिशाला परवडतील असे छोटे प्रयोग करून ती पडताळली. 1813 मध्ये तो डेव्हींचा साहाय्यक झाला.

अमेरिकेत मुलींच्या शाळांनी हे पुस्तक उचलले. प्रकाशकांनी ते बिनदिक्कत छापले आणि टिपा-प्रश्न जोडणाऱ्या पुरुष संपादकांची नावे मुखपृष्ठावर मिरवली. इंग्लंडमध्येही लेखिकेचे नाव छापून यायला 1830चे दशक उजाडले.

दरम्यान रसायनशास्त्र बदलत होते. 1807 मध्ये डेव्हींनी विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. पुढच्या आवृत्त्यांत मिसेस बी. यांनाही ते शिकवावे लागले. जुनी आवृत्ती तशीच पुन्हा छापणे लेखिकेला मान्य नव्हते. 1845 मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांनी फॅरेडे यांना पत्र लिहिले: तुमच्या नव्या शोधाविषयी वाचले, नवी आवृत्ती छापायला चालली आहे, त्या शोधाची अचूक माहिती कुठे मिळेल?