मॅट टॅलबट आणि बेघरांची व्यसनमुक्ती

डब्लिनचे कामगार मॅट टॅलबट (१८५६-१९२५) बालवयातच मद्याच्या आहारी गेले. १८८४ साली त्यांनी प्रथम केवळ तीन महिन्यांसाठी मद्यत्यागाची शपथ घेतली. पुढे ती आजन्म पाळली. १९७५ मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्यांना ‘पूजनीय’ घोषित केले.

सिडनी येथे सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेने १९३८ साली बेघर पुरुषांसाठी उघडलेल्या वसतिगृहास त्यांचेच नाव आहे. तेथे निवारा व भोजनासोबत वैद्यकीय साहाय्यही मिळते.

ही सांगड आवश्यकच आहे. दीर्घकाळ अति मद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी थांबविल्यास कंप, झटके व भ्रम उद्भवतात. प्रसंगी मृत्यूही ओढवतो. म्हणून पहिले काही दिवस वैद्यकीय देखरेख हवी. मात्र खरी कसोटी त्यानंतरची. घर असलेला रुग्ण कुटुंबात परततो. बेघर मात्र त्याच पदपथावर, त्याच सोबत्यांत. निवारा, काम आणि व्यसनमुक्त बांधवांची संगत लाभली नाही तर उपचार वाया जाण्याची भीती असते.

आपल्याकडे फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे व्यसनमुक्तीसाठी ‘कृपा फाउंडेशन’ स्थापन केले. धर्मग्रामातील एखाद्या बेघर बांधवाला अशा केंद्रात पोहोचविताना, तेथून परतल्यावर तो कोठे राहील, याचीही तजवीज आपण आधीच करावयास हवी.