शाळा सुटल्यानंतरचे मास्तर

कळमनुरी-सेनगावकडच्या खेड्यात मास्तर शाळा सुटल्यावरही मास्तरच असतो. बाजारात तो कोणाबरोबर दिसला, कोणाच्या घरी जेवला, याची चर्चा पारावर होते. त्यातूनच ‘असला माणूस शाळेत ठेवावा का?’ हा प्रश्न निघतो. प्रश्न जुना आहे आणि महाराष्ट्राच्या इतिहासात त्याची दोन परस्परविरोधी उत्तरे एकाच घरात मिळतात.

धोंडो केशव कर्वे १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने याहून मोठे ‘गैरवर्तन’ नव्हते. मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला, त्याची झळ आईपर्यंत पोचली. पण नोकरी टिकली. १९१४ पर्यंत ते फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले. गावाने वाळीत टाकले, संस्थेने टाकले नाही.

त्यांचे पुत्र रघुनाथ हेही गणिताचेच प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना काढला होता. रघुनाथराव तेव्हा मिशनऱ्यांच्या विल्सन महाविद्यालयात होते. तक्रार त्यांच्या गणिताची नव्हती, वर्गाबाहेरच्या प्रचाराची होती. अखेर १९२५ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. १९५३ साली मृत्यू येईपर्यंत मासिक चालूच होते.

वडील आणि मुलगा दोघांनीही लोकांना रुचणार नाही असे केले, दोघांनीही ते शिकवण्याच्या वेळेबाहेर केले. फरक कृतीत कमी आणि संस्थेच्या भूमिकेत अधिक होता. म्हणजे शिक्षकाची भाकरी त्याच्या वर्तनापेक्षा मालकाच्या मर्जीवर अवलंबून होती.

ही मर्जी बांधायलाच पुढे कायदा आला. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्यातील हेतुपुरस्सर व सततची हयगय, अकार्यक्षमता ही बडतर्फीची कारणे. पण त्याआधी आरोपपत्र हवे, चौकशी समिती हवी. समितीवर शिक्षकाच्या पसंतीचाही एक माणूस असतो. निर्णय मान्य नसेल तर शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. रघुनाथरावांना यांपैकी काहीच मिळाले नव्हते.

याचा अर्थ शाळा सुटली की सगळे माफ, असा नाही. लेकराच्या अंगावर हात टाकणारा शिक्षक सुट्टीच्या दिवशीही शिक्षक म्हणूनच दोषी असतो, कारण तेथे मुलाची सुरक्षितताच मोडते. नियमावलीही नैतिक अधःपतनाच्या व्याख्येत आधी विद्यार्थी आणि सहकारी यांच्याशी केलेल्या असभ्य वर्तनाचेच नाव घेते. कसोटी हीच असावी. कृतीने मुलांना धोका होतो का, की फक्त गावाचे मन दुखते?

कारण गावाचे मन बदलते. १९५२ साली देशाने कुटुंबनियोजन सरकारी धोरण म्हणून स्वीकारले. २००५ च्या नियमांनी तर महाराष्ट्रात शासकीय नोकरी मागणाऱ्याला लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र देणे भाग पडले. ज्या विचारापायी एका प्राध्यापकाची नोकरी गेली, तोच विचार ऐंशी वर्षांनी नोकरीची अट झाला. पारावर निकाल देण्याआधी एवढे आठवावे.