डॉ. मेल्व्हिन रॅमसे आणि तापानंतरचा थकवा

ताप उतरतो, परंतु माणूस उठत नाही, हा अनुभव आपल्या मराठवाड्यास नवा नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ साली चिकनगुनियाची साथ येऊन गेली. २००६ साली तीच साथ आपल्याकडे आली तेव्हा ताप चार दिवसांत गेला, परंतु कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहिले. त्या वर्षी आमच्या वर्गातील एक मुलगा दुखण्यातून उठल्यावर बाकावर डोके टेकून बसे. आम्ही त्यास आळशी ठरविले आणि मैदानास पाच फेऱ्या मारावयास लावल्या. तद्नंतर आठवडाभर तो शाळेत आला नाही. आमचे काही चुकले असे तेव्हा आम्हांस वाटलेही नाही.

पुढे डॉ. मेल्व्हिन रॅमसे (१९०१–१९९०) यांची हकीकत वाचनात आली. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात ते संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ होते. १३ जुलै १९५५ रोजी तेथील एक डॉक्टर व एक परिचारिका आजारी पडली आणि पाहता पाहता साथ इतकी पसरली की २५ जुलै रोजी रुग्णालयच बंद करावे लागले. नोव्हेंबरअखेरपर्यंत २९२ कर्मचारी आजारी पडले होते. नवल असे की, आधीपासून खाटेवर असलेल्या रुग्णांपैकी केवळ बाराजणांसच ही बाधा झाली. झळ लागली ती सेवा करणाऱ्यांस! जंतू मात्र काही केल्या सापडला नाही.

पुष्कळजण बरे झाले. काहीजण कधीच पूर्ववत् झाले नाहीत. रॅमसे यांचे खरे कार्य येथून सुरू होते. थोड्याशा श्रमानेही या रुग्णांचे स्नायू गळून जातात व ती शक्ती भरून येण्यास तीन-तीन दिवस किंवा अधिकही लागतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे रुग्ण पाहून नोंदविले. प्रारंभापासून ज्यांना पूर्ण विश्रांती मिळाली तेच अधिक सुधारले, असे त्यांचे निरीक्षण होते.

१९७० साली दोन मानसरोगतज्ज्ञांनी जुनी टिपणे चाळून हा सारा प्रकार सामूहिक उन्मादाचा होता, असे मत प्रसिद्ध केले. एकाही रुग्णास त्यांनी प्रत्यक्ष तपासले नव्हते! आजाऱ्यांत स्त्रिया अधिक, हेही त्यांनी एक कारण म्हणून पुढे केले. (आपल्या घरांतील सुनांच्या दुखण्याविषयीही हेच बोलले जात नाही काय?) रॅमसे यांनी हे मत अखेरपर्यंत मान्य केले नाही. सेवानिवृत्तीनंतरही ते रुग्णांच्या बाजूने लिहीत राहिले आणि १९८६ साली, पंचाऐंशीच्या घरात असता, या रोगावर त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला.

क्रमाक्रमाने व्यायाम वाढविण्याचा उपचार इंग्लंडमध्ये पुढे बरीच वर्षे चालू होता. तो या रुग्णांस देऊ नये, असे तेथील शासकीय मार्गदर्शिकेने २०२१ साली सांगितले. तोवर कोविडनंतरचा थकवा घरोघरी ठाऊक झाला होता. रॅमसे हे पाहावयास नव्हते.

तो विद्यार्थी आता वाटूर फाट्यावर दुकान चालवितो. गतवर्षी आम्ही मुद्दाम जाऊन त्या फेऱ्यांचा विषय काढला. तो म्हणाला, "गुरुजी, पाच नव्हत्या, सात होत्या." आणि त्याने आम्हांस बसावयास खुर्ची दिली.