ग्रहण सगळ्यांना आठवलं, उपास कुणालाच नाही

माझ्या मावसभावाला बाविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. आजार मेंदूचा, पण गावाने दोष दिला मावशीला. "पोटुशी असताना ग्रहणात विळी हातात धरली असशील," असं जावा तिला तोंडावर सांगायच्या. मावशी खाली मान घालून ऐकायची. ती पोटुशी होती ते साल १९७२. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि रात्री मिलोची भाकरी, तीही सगळ्यांचं झाल्यावर उरली तर.

उपाशी आईच्या पोटातल्या बाळाचं पुढे काय होतं, याचा एक नोंदलेला इतिहास आहे. तो आपल्याकडचा नाही, नेदरलँड्सचा आहे.

सप्टेंबर १९४४. देश जर्मनांच्या ताब्यात होता. लंडनमधल्या डच सरकारने रेल्वे कामगारांना संपाची हाक दिली. सूड म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडच्या शहरांचं धान्य अडवलं. पुढे बंदी थोडी सैल झाली, तर थंडीने कालवे गोठले आणि बोटी अडकल्या. ॲमस्टरडॅममध्ये माणशी रेशन दिवसाला १००० कॅलरीच्या खाली गेलं, मग त्याच्याही निम्म्यावर आलं. लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. सुमारे २० हजार माणसं गेली. मे १९४५ मध्ये सुटका झाली आणि अन्न आलं.

दुष्काळ एरवी हळूहळू येतो आणि रेंगाळतो. हा ठरावीक महिन्यांतच आला आणि गेला. रेशनच्या नोंदी होत्या, जन्मतारखाही होत्या. त्यामुळे कोणत्या बाळाच्या आईची उपासमार गरोदरपणाच्या कितव्या महिन्यात झाली, हे पुढे काढता आलं.

झेना स्टाइन आणि मर्विन सुसर हे मूळ दक्षिण आफ्रिकेचं डॉक्टर जोडपं. त्यांनी सहकाऱ्यांसोबत लष्करी तपासणीला आलेल्या सुमारे सव्वा लाख डच तरुणांच्या नोंदी तपासल्या. १९७५ साली निष्कर्ष छापला: पोटातल्या उपासमारीने बुद्धीत फरक दिसत नाही. अनेकांना वाटलं, विषय मिटला.

पण १८-१९ वर्षांच्या पोरांत सगळं दिसत नाही. काही आजार त्यानंतर डोकं वर काढतात. १९९०च्या दशकात याच जोडप्याचा मुलगा एझ्रा सुसर याने सहकाऱ्यांसोबत मनोरुग्णांच्या नोंदी पाहिल्या. उपासमार ऐन भरात असताना ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. २००५ साली चीनमधल्या १९५९ ते ६१च्या दुष्काळावर अभ्यास आला, तिथेही तेच दिसलं.

आता नीट वाचा. दुप्पट म्हणजे शंभरात एकाच्या जागी दोन. बाकी अठ्ठ्याण्णव जणांना हा आजार झाला नाही. म्हणून माझ्या भावाचा आजार दुष्काळानेच आला, असं मी म्हणणार नाही. एका माणसाबद्दल तसं सांगताच येत नाही. पण विळीने आला नाही, हे नक्की. आणि ॲमस्टरडॅमच्या आयांनी धान्य अडवलं नव्हतं. अडवणारे दुसरेच होते.

या इतिहासातून आपल्या कामाची गोष्ट अशी, की पहिले आठवडे मोलाचे. आणि आपल्याकडे नेमके तेच वाया जातात. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, मग नोंदणी उशिरा, तपासणी उशिरा. सून सगळ्यांच्या शेवटी जेवते. २०१९-२१च्या पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. सरकारी नियम सांगतो बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करा, पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिडची गोळी घ्या. गोळी अंगणवाडीत, उपकेंद्रात मिळते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना नका सांगू हवं तर, पण आशाताईला पहिल्याच महिन्यात सांगा. गोळ्या संपल्यात असं उत्तर मिळालं, तर ग्रामसभेत उठून विचारा.

मावशी आता नाही. शेवटपर्यंत तिला वाटत राहिलं की आपलंच काहीतरी चुकलं. मी हे सगळं वाचलं तेव्हा उशीर झाला होता. तुमच्या घरात, गल्लीत अशी एखादी मावशी असेल, तर तिला आजच जाऊन सांगा, की बाई, तुझा काही दोष नव्हता.