दीडची वायर आणि सात हजार डॉलरची केबल

1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत स्पीकरची वायर ही मुद्दाम विकत घेण्याची वस्तूच नव्हती. अॅम्प्लिफायर घेतला की दुकानदार टेबललॅम्पला असते तसली दुपदरी वायर हवी तेवढी कापून द्यायचा, बहुतेकदा फुकट. हाय-फायच्या नादी लागलेली मंडळी रेकॉर्डच्या सुईवरून तासन्‌तास हुज्जत घालत, पण वायरीचा विषय सहसा निघत नसे.

तो काढला नोएल ली यांनी. सॅन फ्रान्सिस्कोचा हा चिनी वंशाचा माणूस पेशाने इंजिनिअर, लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत लेसर-फ्यूजनवर काम केलेला, आणि आवडीने ड्रमवादक. घरी निरनिराळ्या वायरी लावून चायकोव्हस्कीचं ‘1812 ओव्हर्चर’ ऐकताना आपल्याला फरक जाणवला, असं ते सांगत आले आहेत. 1979मध्ये त्यांनी मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली. माल काय, तर बारीक तारांची जाडजूड तांब्याची केबल. पण तिला नाव मिळालं, वेष्टण मिळालं आणि दुकानात मानाची जागा मिळाली. पोल्क ऑडिओसारख्या कंपन्यांनी आधी खास केबल आणली होती. धंदा मात्र लींनी उभा केला.

त्यांनी दुकानदाराची नाडी अचूक ओळखली होती. अॅम्प्लिफायर-स्पीकरवर घासाघीस होते, नफा चिमूटभर उरतो. केबलीचा भाव मात्र गिऱ्हाइकाला ठाऊकच नसतो. त्यामुळे मोठी खरेदी झाली की शेवटी ‘एवढं भारी घेतलंत, मग वायर साधी कशाला?’ हा प्रश्न ठरलेला. तारेच्या या धंद्यात पैसा एवढा आला, की 2004मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्क स्टेडियमला कंपनीने चार वर्षांसाठी स्वतःचं नाव लावून घेतलं.

लींचं म्हणणं खोटं होतं का? मुळात नाही. वायर लांब आणि बारीक असली की तिचा रोध वाढतो. स्पीकर 10 मीटरवर असेल तर वीज जाऊन-येऊन 20 मीटर तांब्यातून फिरते. 24 गेजच्या बारीक वायरीत (गेजचा आकडा मोठा, तितकी वायर बारीक) हा रोध जवळपास 1.7 ओहम भरतो. 16 गेजच्या वायरीत पाव ओहमच्या आसपास. समोर स्पीकर 8 ओहमचा, आणि तेही नावापुरते, कारण सुरागणिक त्याचा आकडा वर-खाली होतो. म्हणून बारीक वायरीवर आवाज थोडा दबतोच, शिवाय काही सूर जास्त दबतात, काही कमी. हे कानाला कळू शकतं. पण 16 गेजच्या पुढे कितीही जाड गेलात, तरी वाचवायला उरतो तो फक्त पाव ओहम.

मग हजारो डॉलरच्या केबलींची जाहिरात कशाच्या बळावर चाले? तिथे शब्द उसने आणले गेले: सिग्नल विस्कटणं, कपॅसिटन्स. शब्द खरे आहेत, जागा चुकीची आहे. त्यांची खरी जागा समुद्राखालच्या लांबच लांब केबलींत. 1858च्या ऑगस्टमध्ये अटलांटिकच्या तळातून पहिली तार गेली, तेव्हा राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पोचायला 16 तास लागले आणि काही आठवड्यांत केबल निकामी झाली. केबल लांबते तसा संदेश रेंगाळतो, तोही लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात, हे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी आधीच मांडलं होतं. तो धडा गिरवून पुढच्या केबली झाल्या. 1870मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत केबल टाकली, ती याच विद्येवर. हजारो किलोमीटरचं हे दुखणं दिवाणखान्यातल्या चार मीटरला चिकटवणं, ही विक्रेत्यांची करामत.

कान काय म्हणतात, हे तपासायची सोयही मॉन्स्टर केबल आली त्याच सुमारास झाली. डेट्रॉइट भागातल्या हौशी मंडळींनी (त्यांच्या क्लबचं नाव ‘साउथईस्टर्न मिशिगन वूफर अँड ट्वीटर मार्चिंग सोसायटी’, थट्टा नव्हे, खरंच) 1970च्या दशकाच्या अखेरीस एबीएक्स नावाची पेटी बनवली. बटण दाबलं की ए केबल, दुसरं दाबलं की बी. तिसरं दाबलं की एक्स, म्हणजे या दोहोंपैकीच एक, पण कोणती ते पेटी सांगत नाही. ऐकणाऱ्याने ओळखायचं, पुन्हा ओळखायचं, आणि शेवटी बरोबर उत्तरं मोजायची. भाव दिसत नाही, जाडी दिसत नाही, दुकानदार शेजारी उभा नाही.

‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने 1983मध्ये लॉरेन्स ग्रीनहिल यांच्याकडून अशीच लपवून चाचणी करवली. मॉन्स्टर, साधी 16 गेज आणि बारीक 24 गेज. पिंक नॉइज म्हणजे धबधब्यासारखा सलग आवाज लावला, तेव्हा 24 गेज वेगळी ओळखू आली. संगीत लावलं, तेव्हा मॉन्स्टर आणि 16 गेज यांत फरक सांगता आला नाही. गणित जे सांगत होतं, तेच कानांनी सांगितलं.

धंद्यावर याचा ओरखडाही उठला नाही. 2007मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी पिअर कंपनीची 7,250 डॉलरची ‘अँजू’ केबल हेरली आणि ती साध्या चांगल्या केबलीपासून न बघता ओळखणाऱ्याला आपलं 10 लाख डॉलरचं बक्षीस देऊ केलं. ऑडिओ समीक्षक मायकल फ्रेमर पुढे आले, पण पिअरने केबल द्यायला नकार दिला. मग अटींवरून खूप पत्रापत्री झाली आणि चाचणी राहूनच गेली.

आपल्याकडच्या गणपती मंडपातल्या साउंडवाल्याला वायरीचा हा प्रश्न कधी पडलाच नाही. रस्त्याच्या टोकापर्यंत कर्णे टांगायचे तर तो वायर जाड करत बसत नाही. ट्रान्सफॉर्मर लावलेले कर्णे घेऊन 100 व्होल्टच्या लाइनवर चालवतो. व्होल्टेज वाढलं की करंट कमी होतो आणि साधी वायरही पुरते. घरात तर एवढंही नको. स्पीकर पाचेक मीटरच्या आत असेल, तर वायरमन जिला ‘दीडची’ (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची) म्हणतात ती तांब्याची लवचिक वायर घ्या. दहा मीटरच्या पुढे गेलात तर ‘अडीचची’. उरलेले पैसे स्पीकरवर घाला, तिथला फरक मात्र ऐकू येतो.