एका बुडालेल्या विमानाचा शोध

ता. ११ मार्च १९४४ रोजीं न्यूगिनीच्या हान्सा उपसागरावर ‘हेवन कॅन वेट’ नांवाचें अमेरिकन बी-२४ बाँबफेकी विमान जपानी तोफांच्या माऱ्यानें पेटून समुद्रांत पडलें. आंत अकरा जण होते. एकहि वांचला नाहीं. युद्ध संपल्यावर, देह मिळणें शक्य नाहीं असें ठरवून सरकारी दप्तरानें प्रकरण मिटविलें.

२०१३ सालीं, त्यांतील एकवीस वर्षांचा अधिकारी टॉमस केली याच्या आप्तांनीं तें पुन्हां उघडलें. त्यांनीं जमविलेलीं साधनें आमच्या वाचकांच्या परिचयाचींच आहेत: लष्करी कागद, प्रत्यक्षदर्शींच्या हकीकती आणि सोबतच्या विमानांतील सैनिकांच्या रोजनिशा. आम्हांस यांत रोजनिशांचें मोल विशेष वाटतें. अहवाल वरिष्ठांकरितां लिहिला जातो. रोजनिशी लिहिणाऱ्यास कोणास जाब द्यावयाचा नसतो. पण ती घरच्या पेटींत पडून राहते, आणि पेटी रद्दींत गेली कीं साधनहि गेलें! असो.

ऑक्टोबर २०१७ मध्यें ‘प्रोजेक्ट रिकव्हर’ संस्थेच्या शोधकांनीं सुमारें २७ चौरस किलोमीटर समुद्रतळ तपासून २१३ फूट खोलीवर अवशेष हुडकले. २०२३ सालीं आरमाराच्या पाणबुड्यांनीं अस्थि व ओळखपट्ट्या वर आणल्या. त्यांवरून केली, वैमानिक टेनिसन, दिशादर्शक शेपिक व बिनतारी यंत्रचालक डॅरिगन या चौघांची ओळख पटली. मे २०२५ मध्यें कॅलिफोर्नियांतील लिव्हरमोर गांवीं केलीचें दफन झालें, तेव्हां उरलेल्या सातांची ओळख पटावयाचीच होती.