परिचयपत्र व स्थळजुळणी (संकेतस्थळांवरील)

विवाहेच्छूंची माहिती ठराविक रकान्यांत नोंदवून तिच्या आधारे अनुरूप स्थळे सुचविणारी संगणकीय योजना. वधुवर सूचक मंडळांच्या वह्या व छापील परिचयपत्रे ही तिची पूर्वपीठिका. ‘शादी डॉट कॉम’ व ‘भारत मॅट्रिमनी’ यांसारखी भारतीय संकेतस्थळे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे आली. अमेरिकेत ‘ईहार्मनी’ने (२०००) स्वभावविषयक प्रदीर्घ प्रश्नावली जुळणीचा पाया मानली. मराठी परिचयपत्रात स्वभावाला जागा थोडी. शिक्षण, नोकरी, शेती, रक्तगट यांबरोबर रास, नक्षत्र, देवक (पहा : देवक), मामाचे आडनाव व गाव हे रकाने भरले जातात आणि शेवटी ‘अपेक्षा’. एकाच्या अपेक्षा दुसऱ्याच्या माहितीशी, दोन्ही बाजूंनी, ताडून स्थळांची यादी निघते. जन्मतारीख, वेळ व स्थळ यांवरून पत्रिकाही जुळविली जाते : एकूण ३६ गुणांपैकी नाडीचे ८, भकूटाचे ७, गणाचे ६, वर्णाचा केवळ १, किमान १८ गुण जुळावेत असा संकेत आहे (पहा : गुणमेलन). बदनापूर, जालना अशा भागांतील कुटुंबांना या संकेतस्थळांमुळे पुण्या-मुंबईची स्थळे मध्यस्थाविना पाहता येतात. नोंदविलेली माहिती खरी असेलच असे नाही; केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सदस्यांच्या ओळखपडताळणीवर भर आहे.